आईच्या सोऱ्याचा दट्ट्या

भूगाव,
दिवाळीच्या तोंडावर, रविवार

तीर्थरूप ताईस,

जनार्दनाचा नमस्कार. साष्टांग घालायचा तो या वेळी उभ्यानेच घालतो आहे, कारण आषाढात लेथ उचलला तेव्हापासून माझी कंबर वाकायला राजी असते, पण सरळ व्हायला कुरकुरते. तुझी तब्येत उत्तम असणार (तू रागावलीस की तुझं ब्लडप्रेशर सुधारतं, हे मला दाजींनीच सांगितलं आहे). दाजींचा गुडघा कसा आहे? घाटाच्या पायऱ्या उतरताना काठी घेत जा म्हणावं. वाईत काठीवाल्याला कुणी म्हातारा म्हणत नाही, उलट रस्ता देतात. आमच्याकडे भूगावात कुणी काठीवाल्यालाही रस्ता देत नाही, कारण रस्त्यावर सगळ्या सिमेंटच्या गाड्या नाहीतर पाण्याचे टँकर.

आता तू म्हणशील, फोन सोडून पत्र कशाला. तर ताई, गणपतीत तूच म्हणालीस, “सोऱ्या माझ्या ओट्यावर येऊ दे, मग बोलू,” आणि फोन ठेवलास. त्यानंतरचे माझे निरोप तू वाचतेस (निळ्या खुणा उमटतात, मला दिसतात) आणि उत्तर देत नाहीस. वर दाजींकडून असं कळलं, की दिवाळीआधी सोऱ्या आला नाही तर यंदा भाऊबीजेला तू येणारच नाहीस. लग्न झाल्यापासून तू एक भाऊबीज चुकवलेली नाहीस. बाबा दवाखान्यात होते त्या वर्षी तू मला तिथल्या बाकावर बसवून ओवाळलंस आणि नर्सनं निरांजन विझवायला लावलं, तर नुसत्या अक्षता टाकून ओवाळणी पूर्ण केलीस. तेव्हा ही धमकी मी हसण्यावारी नेलेली नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच, मध्येच दाजींच्या हातात देऊ नकोस.

गेल्या दिवाळीत हेमलतानं आईचा पितळी सोऱ्या तुझ्याकडून मागून आणला, इथपर्यंत आपलं दोघांचं एकमत आहे. चकल्या पाडायला बसली, तर पीठ खालच्या चकतीतून यायचं सोडून वरून, दट्ट्याच्या कडेनं, तिच्या मनगटावर चढायला लागलं. दट्ट्या झिजला होता. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही, आईनं त्याच्याकडून आख्ख्या आळीच्या चकल्या पाडून घेतल्या. मी सोऱ्या घेऊन भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तो हातातसुद्धा न घेता सांगितलं की काका, हे आता कुणी करून देत नाही, ॲल्युमिनियमचा नवीन घेऊन जा. ताई, माझं सगळं आयुष्य विमा कंपनीत लोकांच्या मोडक्या गाड्यांचे फोटो बघून ‘दुरुस्ती परवडण्याजोगी नाही’ असा शेरा मारण्यात गेलं. तोच शेरा माझ्या आईच्या सोऱ्यावर दुसऱ्या कुणी मारावा, हे मला सहन होईना. दुकानाच्या पायरीवरच मी ठरवलं, की हा दट्ट्या मी करणार, घरी करणार आणि माझ्या हातानं करणार. (एखाद्या वर्कशॉपात टाकला असता तर चहा पिऊन होईपर्यंत मिळाला असता, असं तू म्हणशील. हेमलताही म्हणाली. पण त्या वाटेनं जायचं होतं तर मी ठरवलं कशाला?) सोऱ्या वर्षभर माझ्याकडे राहिला त्याचं कारण हे. तू समजतेस तसा हेमलतानं तो दाबून ठेवलेला नाही.

त्यासाठी लेथ लागतो. लेथ म्हणजे काय ते दाजींना माहीत असेल, तुला सांगतो. कुंभाराचं चाक आडवं करायचं, त्यात मातीऐवजी धातू धरायचा आणि कुंभाराच्या बोटांऐवजी पोलादी टोक लावायचं. धातू फिरतो आणि टोक त्याला सोलत जातं. घरी हौस करणाऱ्यांसाठी छोटा लेथ मिळतो, तो मी मागवला. चित्रात शिलाई मशीनएवढा दिसत होता आणि खरोखर तेवढाच निघाला, पण टेंपोवाला तो फाटकाशी उतरवून निघून गेल्यावर मला त्याचं वजन कळलं. मी आणि गेणबांनी मिळून उचलला. गेणबा म्हणजे आमचे शेजारी. आमचा प्लॉट मूळचा त्यांच्या भातखाचरातला. विकून त्यांना पुष्कळ वर्षं झाली, पण अजूनही ते बांधावर यावं तसे न विचारता आमच्या अंगणात येतात आणि काय कुठं लावायचं ते सांगतात. “एवढंसं ह्ये, आन उचलंना व्हय? पोटात काय घातलंय म्हनायचं ह्येच्या?” असं म्हणत त्यांनी आपलं टोक उचललं, आणि माझ्या टोकाला माझी कंबर गेली.

लेथ ठेवला मागच्या धुण्याच्या जागेत, एका लाकडी टेबलावर. चालू केल्याबरोबर तो टेबलासकट चालत चालत वॉशिंग मशीनपर्यंत गेला, आणि तिथे दोघांनी मिळून घर असं हादरवलं की हेमलता हातात उलथनं घेऊन अंगणात पळाली (तिला भूकंप वाटला, आणि भूकंपात काय घेऊन पळायचं हे तिचं ठरलेलं दिसतं). या यंत्राला स्थैर्य पाहिजे, असा मी निष्कर्ष काढला. गेणबांनी शेजारच्या उरलेल्या खाचरात भाड्यानं द्यायला इमारत बांधायला घेतली आहे. तिथून ओट्याच्या ग्रॅनाइटचा एक उरलेला तुकडा मिळाला आणि स्लॅबच्या दिवशी पाटीभर माल. धुण्याच्या जागेत सिमेंटचा चौथरा बांधला, त्यावर ग्रॅनाइट बसवलं आणि त्यावर बोल्टांनी लेथ आवळला. आता घर पाडलं तरी लेथ उभा राहील. वॉशिंग मशीनला मात्र जागा उरली नाही, ते हल्ली देवघराशेजारी आहे. हेमलतानं त्यावरून जे काही म्हटलं ते तुला तिच्या तोंडूनच ऐकण्यासारखं आहे.

मग मोटर जळाली. मुळात आलेली मोटर नाजूक प्रकृतीची होती. पितळेला टोक टेकवलं की कण्हायला लागायची. एक दिवस धूर सोडून ती शांत झाली. माझ्या जागी दुसरा असता तर लेथ भंगारात देऊन मोकळा झाला असता. मी एक दणकट मोटर मिळवली (कुठून मिळवली याला इथे महत्त्व नाही), नव्या पुल्या बसवल्या, पट्टा ओढला, आणि ताई, काकडी सोलावी तसं पितळ सोललं जायला लागलं! पहिला सोनेरी किस लांबच लांब सुटला तेव्हा मी धुण्याच्या जागेत एकटाच टाळ्या वाजवत उभा होतो. आयुष्यभर कागद पुढे सरकवणाऱ्या माणसाला हे सुख सांगून कळायचं नाही. याच सुमारास आमची घरघंटी बंद पडली, पण तो विषय अगदी वेगळा. हेमलता आता दळण घेऊन गावातल्या गिरणीत जाते, तेवढंच तिचं चालणं होतं.

आता खंडेनवमीचं ऐक, कारण सगळा घोळ तिथे आहे. दर वर्षी आमच्याकडे त्या दिवशी विळी, कात्री आणि माझा एक पान्हा पाटावर मांडून पूजा होते. यंदा घरात एवढं मोठं हत्यार असताना त्याची पूजा नाही असं कसं चालेल, असं हेमलता म्हणाली, आणि मला ते पटलंही. तिनं विचारलं, याचं काय काय सुटं होतं? चक म्हणून लेथचा एक भाग असतो, जो फिरता फिरता धातू पकडून ठेवतो. त्याला तीन जबडे असतात आणि ते किल्ली फिरवली की बाहेर निघतात. तिनं ते माझ्याकडून काढून घेतले आणि देवांच्याच परातीत घालून चिंच लावून घासले. (पोलादाला चिंच लावत नाहीत, असं मी सांगून पाहिलं. अन्नपूर्णेला लावते तर याला काय झालं, असं उत्तर मिळालं.) घासलेले जबडे मी पुसले, तेल लावलं आणि चकच्या तीन खाचांत परत बसवले. सणाचा दिवस, यंत्र देवासारखं मांडलेलं, तेव्हा मी ते मुद्दाम शुभ रीतीनं बसवले, प्रदक्षिणेच्या क्रमानं. मग हेमलतानं चकला बोटं भरभरून हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, अक्षता वाहिल्या. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, दिवाळीच्या आत दट्ट्या.

एवढ्यात गेणबा नारळ घेऊन आले. त्यांच्या मते माझी मोटर जळली ती मशीन घरात घेताना नारळ फोडला नाही म्हणून. मी “अहो, अहो” करेपर्यंत त्यांनी तो लेथच्या बेडवर फोडला. बेड म्हणजे आरशासारखा घासलेला तो भाग, ज्याच्यावर मी हेमलताला हातसुद्धा टेकू देत नव्हतो. पाणी सगळीकडे वाहिलं. मी फडकं घेऊन धावलो तर त्यांनी माझा हात धरला. “आवं, पूजा झाल्याव उद्यापतूर हात लावत्यात व्हय? त्येला बी इसावा आसतोय. आमी बैलाला बेंदराला जू लावतोय का?” हेमलतानंही मान हलवली. मी दिवसभर स्टुलावर बसून माझ्या बेडवर नारळाचं पाणी वाळताना बघत राहिलो. दसऱ्याला सकाळी माळ उतरवली तेव्हा बेडवर तांबूस नकाशे उमटले होते. सोनं वाटायच्या दिवशी मी रॉकेल घेऊन गंज घासत होतो.

गंज निघाला, पण तेव्हापासून लेथ वाकड्यात शिरला. पितळेचा तुकडा चकमध्ये धरला की तो डुलत फिरायचा. एका अंगानं सोलला जायचा, दुसऱ्या अंगाला टोक लागायचंच नाही. दट्ट्याच्या मधोमध भोक पाडावं तर ते जाऊन कडेला बसायचं. मी हार मानली नाही. आधी गंजाला धरलं, बेड पुन्हा घासला. मग चौथरा खचला असेल म्हणून नळीत पाणी भरून पातळी बघितली, चौथऱ्याचा एक कोपरा छिन्नीनं फोडला आणि नव्यानं भरला. मग विजेच्या दाबाला धरलं. मग गेणबांच्या इमारतीच्या हादऱ्यांना धरलं आणि त्यांना काम दुपारपुरतं थांबवायला सांगितलं, त्यावर ते म्हणाले की नारळ एकच होता, मशीन मोठी हाय, आनकी एक फोडू. त्या दिवशी मी घरातले सगळे नारळ कपाटात कुलूप लावून ठेवले, आणि त्यापायी हेमलतानं आठवडाभर आमटीत नारळ घातला नाही. रोज सकाळी आंघोळ करून मी लेथपुढे उभा राहायचो आणि जेवायच्या वेळी एक वाकडा तुकडा घेऊन बाहेर यायचो. असे तुकडे आता बादलीभर आहेत. हेमलता म्हणाली की तुमच्यात चिकाटी आहे, फक्त ती कुठे लावायची ते कळत नाही. मी ते कौतुक समजलो.

शेवटी हेमलताच कामाला आली. दिवाळीची साफसफाई करता करता ती धुण्याच्या जागेत पोहोचली आणि फडकं रॉकेलात बुडवून तिनं चकवरचं तिचंच हळदकुंकू पुसायला घेतलं. तेलात मुरून त्याचा लेप झाला होता. मी ते मुद्दाम ठेवलं होतं, कारण एवढं सगळं बिघडलेलं असताना देवाची खूण कोण पुसणार? ती पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, इथे आकडे आहेत. प्रत्येक खाचेपाशी एक आकडा ठोकलेला, आणि बघतो तर प्रत्येक जबड्यावरही एक. एकचा जबडा एकच्या खाचेत, दोनचा दोनच्या, तीनचा तीनच्या, असं असतं म्हणे. आणि हा क्रम निघाला प्रदक्षिणेच्या बरोबर उलटा! मी एक सोडून बाकीचे दोघे एकमेकांच्या घरात बसवले होते. हेमलता कमरेवर हात ठेवून म्हणाली, “देव उजळून झाले की ज्याला त्याला आपापल्या पाटावर ठेवतात. बाळकृष्णाच्या जागी शाळिग्राम ठेवून कसं चालेल? एवढंही तुम्हांला माहीत नसावं?” मी जबडे काढले आणि आकडे बघून बसवले. लेथ असा सरळ फिरायला लागला, की मला त्याची क्षमा मागावीशी वाटली. (चौथऱ्याचीही मागायला हवी होती.)

आणि दट्ट्या झाला, ताई. त्याच सकाळी झाला. भोक मधोमध, कड एकसारखी, अंगठा फिरवला तर कुठे अडत नाही. आईच्या सोऱ्याच्या नळ्यात वरून सोडला, तर तो स्वतःच्या वजनानं, खालची हवा फुसफुस बाहेर काढत, सावकाश तळाशी गेला. मी तो उलटा करून पुन्हा सोडला, मग पुन्हा. हेमलतानं भाजणी भिजवली, सोऱ्या भरला, दांडा फिरवला, आणि पिठाचा एक कणही वर चढला नाही. ज्याला कुणी हात लावत नव्हतं ते आईचं यंत्र तुझ्या भावानं पुन्हा चालतं केलं. मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही. सोऱ्या पुसून, जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवला आहे. वाईकडे जाणारं खात्रीचं कुणी सापडलं की त्याच्याबरोबर पाठवतो. तो ओट्यावर ठेव आणि फोन कर, आणि भाऊबीजेला ये. तू नाही आलीस तर मला दिवाळी झाल्यासारखी वाटणार नाही. एवढं या वयात लिहायला लाज वाटते, पण लिहिलं आहे.

दाजींना नमस्कार, आणि तुझा राग उतरला नसेल तर तोही बरोबर घेऊन ये, त्याच्याकरता वेगळं पान मांडू.

तुझा धाकटा,
जना

ता. क. : सोऱ्या पाठवतो असं वर लिहिलं, पण पाठवत नाही. इतका वेळ दट्ट्या, दट्ट्या केलं आणि चकतीचं नाव काढलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. चक वाकडा फिरत होता त्या दिवसांत मला वाटलं, की नवं पितळ नखरे करतं आहे, जरा जुन्यावर करून बघू. हाताशी आईची चकती होती. मला फक्त कड साफ करायची होती, ताई. ती गेली. तिचा किस मी बरणीत भरून ठेवला आहे, टाकवला नाही. मग सरळ झालेल्या लेथवर मी नवी चकती केली आणि मधली चांदणी कानशीनं घासून काढली, सगळे दात एकसारखे आणि धारदार. चकली तळली, तोंडात टाकली, आणि ती आईची चकली नव्हती. तिच्या चकलीला एका अंगानं काटा नसायचा, आठवतं? जुन्या चकतीचा एक दात कधीतरी बोथट झाला होता. ती गुळगुळीत बाजू जिभेवर धरून आपण चकली उलगडत जायचो, आणि मधला गाभा कुणाचा यावरून तू मला चिमटे काढायचीस. ते सगळं मी दुरुस्त करून टाकलं. मला रडू आलं, हेमलताला तेलाचा धूर गेला म्हणून सांगितलं.

तेव्हा खरं काम असं आहे. नव्या चकतीचा एक दात मला बिघडवायचा आहे आणि किती बिघडवायचा ते मला ठरवता येत नाही. कमी घासला तर पुन्हा घासता येईल, जास्त घासला तर भरून येत नाही. आईच्या चकलीची चव तुझ्या जिभेला माझ्यापेक्षा पक्की आहे. तू पाडायचं, तळायचं, चाखायचं आणि सांगायचं, ‘अजून थोडा’ किंवा ‘बास’. लेथ वाईला आणता येत नाही, तो सिमेंटात आहे. म्हणून भाऊबीजेच्या आधीच ये. चांदणी चौकात उतरलीस की जागची हलू नकोस, तिथल्या पुलांवर भूगावची माणसंसुद्धा चुकून मुंबईला जातात. मी न्यायला येतो.

आणखी ता. क. : आलीस की हेमलतापाशी घरघंटीचा विषय काढू नकोस. तिची मोटर जळली असं तिला वाटतं, आणि मोटर सध्या फार चांगल्या कामात आहे.

ता. क. (दुसऱ्या हातचं) : सुलक्षणाताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. घरघंटीची मोटर कुठे आहे ते मला खंडेनवमीलाच दिसलं, तिलाही कुंकू मीच लावलं. नव्या चकतीच्या चकल्यांचा डबा भरलेला तसाच आहे, त्या पहिल्या चकलीनंतर ह्यांनी एकही उचललेली नाही. तेव्हा तुम्ही या. भाजणी मात्र तिकडूनच दळून आणा.
— हेमलता